पहिल्या बाजूचं चौथं गाणं

ऑगस्ट लागला की चंदीगडहून काल्क्याकडे जाताना पिंजौरच्या आसपास सफरचंदांचा वास यायला लागतो. शिमल्याच्या डोंगरांतून निघालेले ट्रक परवाणूचा घाट उतरून काल्का, पिंजौर करत मैदानात येतात. माझी मावशी लग्न होऊन इकडे आली, काका इथल्या एचएमटी कारखान्यात नोकरीला. त्यामुळे ‘कोकणातला आंबा’ म्हणतात तसं आमच्या घरात ‘पिंजौरचं सफरचंद’ म्हणायची पद्धत पडली. खरं तर पिंजौर हा त्याच्या वाटेवरचा फक्त एक थांबा.

एकदा तिथल्या हातगाडीवर लाल ढिगाच्या कडेला दहा-बारा हिरवीगार सफरचंदं दिसली. कच्ची आहेत का, विचारलं. गाडीवाला म्हणाला, “नहीं साब, ग्रॅनी स्मिथ है. खट्टा है.” मावशी मागून म्हणाली, “नको घेऊस रे, त्याची चटणीच करावी लागेल.” मी घेतली. नाव ओळखीचं होतं, पण फळांच्या दुकानातून नव्हे. बीटल्सच्या एका गाण्याचं हे पहिलं नाव. गाणं तयार होत होतं तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या फितीच्या डब्यावर ‘ग्रॅनी स्मिथ’ एवढंच लिहिलेलं होतं.

हे नाव खऱ्याखुऱ्या आजीबाईंचं आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ ईस्टवुड इथे राहणाऱ्या मारिया ॲन स्मिथ यांच्या बागेत १८६८च्या सुमारास या जातीचं रोप उगवलं. हिमाचलातल्या बागायतदारांना ही जात ठाऊक असते ती विक्रीसाठी कमी आणि परागासाठी जास्त. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःच्याच परागाने नीट फळ धरत नाही. म्हणून लाल डेलिशसच्या रांगांत अधूनमधून दुसऱ्या जातीची झाडं लावावी लागतात आणि ग्रॅनी स्मिथ त्यांतली एक. पेटीवर नाव लाल सफरचंदाचं असतं.

त्या गाण्याचं पुढे ‘लव्ह यू टू’ असं बारसं झालं. बीटल्सची दोनशेहून अधिक गाणी आहेत. त्यांतली दहा नावं सांगा म्हटलं तर हे कुणी सांगणार नाही, पन्नासातही ते येईल की नाही शंकाच. ५ ऑगस्ट १९६६ रोजी इंग्लंडमध्ये आलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या पहिल्या बाजूवर ते चौथं आहे. त्याच्या आधी ‘एलिनोर रिग्बी’ आणि ‘आय एम ओन्ली स्लीपिंग’, नंतर ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’ आणि ‘यलो सबमरीन’. अशा शेजारात कुणाचंही लक्ष जाणं अवघडच. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. नावही असं की इंग्रजी येणारा माणूस स्पेलिंग चुकलंय म्हणतो, कारण ‘तुझ्यावरही’ या अर्थाचा ‘टू’ इथे नाही. आणि हे तीन शब्द या क्रमाने गाण्यात कुठेच येत नाहीत. हे गाणं लिहिणाऱ्या जॉर्ज हॅरिसनला गाण्यांना नावं द्यायचा कंटाळा होता. याच अल्बममधल्या त्याच्या आणखी एका गाण्याला काम चालू असताना ‘लॅक्स्टन्स सुपर्ब’ म्हणत, आणि तीही सफरचंदाचीच जात! पुढे बीटल्सच्या चौघांनी कंपनी काढली तिचं नाव ‘ॲपल’ आणि तिच्या तबकड्यांवर हिरवं सफरचंद आलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

मला या गाण्यात रस आहे तो तबल्यामुळे. ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर मागच्या बाजूला, या गाण्याजवळ, तबलावादकाचं नाव छापलेलं आहे: अनिल भागवत. भागवत आडनाव वाचलं की मराठी माणसाचे कान टवकारणारच. पण त्याआधी हे नाव तिथे असणं केवढं नवलाचं होतं, ते सांगायला हवं.

त्या काळी स्टुडिओत वाजवायला बोलावलेल्या वादकांचं नाव तबकडीवर छापायची रीत नव्हती. वादक यायचा, ठरावीक तासांचे पैसे घ्यायचा, जायचा. याच अल्बममधलं ‘एलिनोर रिग्बी’ घ्या. त्यात बीटल्सपैकी एकानेही वाद्य वाजवलेलं नाही. चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो अशा आठ वादकांच्या खांद्यावर ते अख्खं गाणं उभं आहे. त्या आठांपैकी एकाचंही नाव वेष्टनावर नाही. आपल्याकडेही फार वेगळी तऱ्हा नव्हती. बैठकीत गवई स्वतः “तबल्यावर अमुक, पेटीवर तमुक” असं सांगतो, श्रोते टाळ्या देतात. तीच मैफल तबकडीवर आली की साथीदार गायब. जुन्या भावगीतांच्या तबकड्यांवर गायक, कवी, संगीतकार सापडतात, पण ज्याच्या ठेक्यावर आपण पन्नास वर्षं मान डोलावतो आहोत त्याचं नाव शोधायला म्हाताऱ्या जाणकारांची घरं पालथी घालावी लागतात.

भागवतांना हे काम मिळालं त्याची हकीगत त्यांनीच बीटल्सचे अभ्यासक मार्क लुइसन यांना सांगितली. लुइसन यांच्या १९८८च्या पुस्तकात ती आहे. अंगडी नावाच्या गृहस्थांचा अचानक फोन आला: आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का? कोण जॉर्ज, ते अंगडींनी सांगितलं नाही. दारात रोल्स रॉइस उभी राहिली तेव्हा भागवतांच्या डोक्यात प्रकाश पडला. ॲबी रोडच्या स्टुडिओत पोहोचले तर बाहेर मुलींची ही गर्दी. थर्मास, केक, सँडविच घेऊन त्या बीटल्स बाहेर यायची वाट बघत बसलेल्या. दिवस होता ११ एप्रिल १९६६.

हे अंगडी म्हणजे आयना देव अंगडी. मूळचे कर्नाटकातले, १९२४ साली शिकायला लंडनला गेले आणि तिकडचेच झाले. राजकारणात डावे, बोलण्यात पटाईत. पत्नी पॅट्रिशिया चित्रकार आणि उतारवयात कादंबरीकारही झालेली. दोघांनी १९४६मध्ये ‘एशियन म्युझिक सर्कल’ ही संस्था काढली आणि उत्तर लंडनमधल्या फिंचली इथल्या घरातून चालवली. व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन तिचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे योगवर्ग लंडनमध्ये रुजले त्यातही या संस्थेचा हात होता. थोडक्यात, हिंदुस्थानातून कुणी कलावंत लंडनला गेला तर त्याच्या खिशात जो पत्ता असायचा, तो हा.

बीटल्सशी संस्थेची गाठ पडली ती एका तुटलेल्या तारेमुळे. १९६५च्या एप्रिलमध्ये ‘हेल्प!’ या सिनेमाच्या चित्रीकरणात हिंदुस्थानी खानावळीचा एक प्रसंग होता. तिथे हॅरिसनने पहिल्यांदा सतार हातात घेतली. मग लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या ‘इंडियाक्राफ्ट’ नावाच्या दुकानातून त्याने एक साधीशी सतार विकत आणली. ऑक्टोबरमध्ये ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना तिची तार तुटली. लंडनमध्ये सतारीची तार रात्री-अपरात्री कोण देणार? अंगडींना फोन गेला आणि अंगडी कुटुंब तार घेऊन स्टुडिओत हजर. ही ओळख पुढे वाढत गेली. हॅरिसन फिंचलीच्या घरी जायला लागला, तिथल्या बैठका ऐकायला लागला, संस्थेतल्याच सतारवादकाकडून थोडेफार धडे घ्यायला लागला.

‘नॉर्वेजियन वुड’मधली सतार तशी योगायोगाचीच. गाणं पाश्चात्त्य, गिटारवर बांधलेलं, आणि गिटार वाजवते तीच सुरावट सतार वाजवते. चव वेगळी लागावी म्हणून वर भुरभुरवलेल्या मसाल्यासारखी. त्या सुमारास असा मसाला बऱ्याच जणांनी घातला. किंक्स या बँडचा रे डेव्हिस ऑस्ट्रेलियाला जाताना वाटेत मुंबईत थांबला होता. पहाटे समुद्रावर कामाला निघालेल्या मच्छीमारांचं गाणं त्याच्या कानावर पडलं आणि त्यातून १९६५चं ‘सी माय फ्रेंड्स’ सुचलं. आपल्या कोळीबांधवांचं रॉक संगीताला हे योगदान, आणि आपल्याकडे ते कुणाच्या गावीही नाही! रोलिंग स्टोन्सचं ‘पेंट इट ब्लॅक’ मे १९६६मध्ये आलं, त्यातही सतार आहे. पण या सगळ्यांत तालाची बाजू पाश्चात्त्य ड्रमच सांभाळतात.

‘लव्ह यू टू’मध्ये ड्रम नाहीत. रिंगो स्टार आहे, पण हातात फक्त खंजिरी घेऊन. पॉल मॅकार्टनीने मागे एक आवाज लावला होता, तो शेवटच्या मिश्रणात काढून टाकला. जॉन लेनन या गाण्यात नाहीच. म्हणजे बीटल्सचं गाणं म्हणून जे आपण ऐकतो त्यात जवळजवळ एकटा हॅरिसन आहे आणि त्याच्याभोवती तंबोरा, सतार आणि तबला घेऊन बसलेले हिंदुस्थानी संगीतातले लोक. सतार नेमकी किती हॅरिसनची आणि किती संस्थेच्या वादकाची, यावर अभ्यासक अजून भांडतात. काहींच्या मते अवघड जागा त्याच्या हातच्या असणं शक्य नाही, तर काहींना ते सगळं त्याचंच वाटतं. तबल्याबद्दल मात्र वाद नाही, कारण नाव छापलेलं आहे.

त्या दिवशी सुरुवात हॅरिसनने साध्या गिटारवर गाऊन केली. मग सतार आली, तबला आला, आणि सहावा टेक पसंत पडला. दोन दिवसांनी, १३ एप्रिलला, त्यावर आणखी आवाज चढवून गाणं पुरं केलं आणि त्याच रात्री चौघांनी ‘पेपरबॅक रायटर’ हातात घेतलं. भागवत सांगतात की हॅरिसनने काय हवं ते समजावलं, तबला त्याच्या सुरात मिळवून घेतला, आणि रवी शंकरांच्या वादनात असतो तसा सोळा मात्रांचा ठेका सुचवला. पुढचं तुम्हाला सुचेल तसं वाजवा, हेही मान्य केलं.

यातला ‘तबला सुरात मिळवून घेतला’ हा तुकडा आपण सहज वाचून पुढे जातो. ॲबी रोडच्या तंत्रज्ञांना मात्र तो चमत्कारिक वाटला असणार. ताल धरायचं वाद्य सुरात मिळवायचं म्हणजे काय? कुठल्याही ताणलेल्या चामड्यावर टिपरी मारली की एक मूळ कंप उठतो आणि त्याबरोबर वरचे अनेक उपकंप. तारेत हे उपकंप मूळ कंपाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे शहाण्यासारखे रांगेत येतात, म्हणून तारेचा स्वर स्वच्छ वाटतो. साध्या गोल चामड्यात ते १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. कानाला त्यातून स्वर लागत नाही, ‘धप्प’ एवढंच ऐकू येतं. तबल्याच्या मधोमध जी काळी शाई असते ती ही गडबड मिटवते. लोहाची बारीक पूड आणि खळ यांचे थर एकावर एक देत, दगडाने घोटत, मध्ये जाड आणि कडेला पातळ अशी ती चढवतात. त्या वजनामुळे चामड्याचे उपकंप सरकून जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट अशा जागी येऊन बसतात आणि चामडं तारेसारखं बोलायला लागतं. हे पहिल्यांदा मोजून दाखवलं सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी. १९२०मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचं टिपण आलं. रामन यांना या विषयाची इतकी गोडी होती की पुढे नोबेल मिळाल्यावरही ते या वाद्यांकडे परत आले. शाई लावणाऱ्या कारागिरांना अर्थात हे गणित शेकडो वर्षं हाताला माहीत होतं.

म्हणूनच भागवतांना हातोडी घेऊन गट्टे खाली-वर ठोकत तबला सतारीच्या षड्जाला लावावा लागला. हे गाणं साधारण पांढरी एकमध्ये आहे. गंधार आणि निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध, म्हणजे आपला काफी थाट. पाश्चात्त्य गाण्यात स्वरमेळ बदलत जातात, त्या बदलांनी गाणं पुढे सरकतं. इथे जवळजवळ सगळं गाणं एकाच षड्जावर खिळलेलं आहे. मग पुढे जायचं कशाने? लयीने. ते काम तबल्याकडे आहे, आणि म्हणून मी म्हणतो की इथे तबला मसाला नाही, तो भात आहे.

गाण्याची बांधणीही तशीच. सुरुवातीला सतारीच्या तारांवरून वरून खाली ओघळणारी एक लकेर येते आणि मग अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर ताल नसलेली सतार, म्हणजे आलाप. त्यावर लय सुरू होते, तबला शिरतो, शब्द येतात. मधे सतारीचा तुकडा, पुन्हा शब्द, आणि शेवटी लय एकदम चढते. आलाप, गत, द्रुत हा आपल्याकडे तासभर चालणारा प्रवास तीन मिनिटांत कोंबलेला. एखादा खानदानी उस्ताद या आलापाला हसेल, आणि त्याचं चुकणार नाही. राग म्हणून इथे काही उलगडत नाही. पण रॉकच्या तबकडीवर, ताल नसलेली तीस-पस्तीस सेकंदं, गाणं कधी सुरू होणार हे कळू न देता ठेवणं, याला १९६६मध्ये धाडस लागतं.

पिंजौरच्या बागेत गेलं की मला हे आठवतं. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात ही बाग आखली, पुढे ती पतियाळाच्या महाराजांकडे गेली आणि आज यादविंदर उद्यान म्हणून ओळखली जाते. टप्प्यांच्या इतर मुघल बागांत बहुधा माणूस खालून शिरतो आणि टप्प्याटप्प्याने चढत जातो. पिंजौरला सातही टप्पे उतरतात. दारातून आत गेलं की आपण सर्वांत वर, आणि पाणी आपल्यापासून दूर खाली खाली जात असतं. माणसाला क्षणभर कळत नाही की बाग सुरू झाली की संपली.

मराठी कानाला ‘लव्ह यू टू’ पहिल्यांदा ऐकल्यावर काही विशेष वाटत नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. मलाही वाटलं नव्हतं. तबला आहे, तंबोरा आहे, त्यात काय मोठं? आपल्या भावगीतात, अभंगात, नाट्यपदात तबला असतोच, नसला तर चुकल्यासारखं वाटतं. हे गाणं ऐकायला मुद्दाम विसरावं लागतं की आपल्याला तबला माहीत आहे. ध्वनियंत्रणेवर बसलेल्या जेफ एमरिकची जागा घ्यावी लागते. वय वर्षं वीस, मुख्य तंत्रज्ञ म्हणून बढती मिळून आठवडाही झालेला नाही, आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस दोन लहानशा वाद्यांतून दहा ड्रमर वाजवताहेत असं काही काढतो आहे. त्याच आठवड्यात एमरिकने रिंगोच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबून मायक्रोफोन अगदी जवळ नेला होता. तबल्यालाही त्याने तसाच जवळून धरला. म्हणून डग्ग्याची घिस्सा, तळव्याने दाबून वर चढवलेली ती ‘घूंऽ’, इतकी अंगावर येते. त्या काळच्या आपल्याकडच्या तबकड्यांत तबला बहुधा गवयाच्या मागे, दूर कुठेतरी वाजत असतो. इथे तो मांडीवर येऊन बसतो.

आणखी एक गोष्ट तारखा लावून पाहिल्या की ध्यानात येते. हे गाणं झालं एप्रिलमध्ये. हॅरिसनची आणि रवी शंकरांची पहिली भेट झाली जूनमध्ये, तीही अंगडींच्याच घरी. म्हणजे बीटल्सचं पहिलं खऱ्या अर्थाने हिंदुस्थानी वळणाचं गाणं रवी शंकरांच्या शिकवणीतून आलेलं नाही. तबकड्या ऐकून आणि फिंचलीच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या वादकांत बसून ते आलं. त्या वादकांना जगात कुणी ओळखत नव्हतं. नंतरच्या सगळ्या कथांत रवी शंकर आले आणि हे लोक मागे सरले. जुलैत मनिलाहून परतताना चौघे दिल्लीला उतरले तेव्हा हॅरिसनने रिखी राम या वाद्यविक्रेत्यांकडून चांगली सतार घेतली. सप्टेंबरात तो रवी शंकरांकडे शिकायला मुंबईला आला आणि नाव बदलून ताजमहाल हॉटेलात उतरला. ते नाव काही फार दिवस टिकलं नाही. मुंबईच्या पत्रकारांनी त्याला हुडकून काढलंच. (मिरज तिथून एका रात्रीच्या गाडीवर होती. तिकडे त्याला कुणी नेलं असतं तर सतारमेकर गल्लीतल्या भोपळ्यांत तो आठवडाभर रमला असता, असं मला उगाचच वाटतं.)

पुढच्या वर्षी हॅरिसनने हाच धागा ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये ताणला. ते ‘सार्जंट पेपर’ या अल्बममध्ये आहे आणि बरंच प्रसिद्ध आहे. १५ मार्च १९६७ला फिंचलीच्याच मंडळींतले वादक पुन्हा ॲबी रोडला आले. त्यांच्यासाठी जमिनीवर गालिचा अंथरला, उदबत्त्या लावल्या. दिलरुबा, तबला, तंबोरा, स्वरमंडल सगळं होतं. पण या वेळी वेष्टनावर एकही नाव नाही. पन्नास वर्षं हे लोक ‘एशियन म्युझिक सर्कलचे वादक’ एवढ्याच नावाने पुस्तकांत वावरले. २०१७मध्ये अल्बमच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी शोध घेतला तेव्हा नावं पुढे आली: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. म्हणजे ज्या गाण्याचं एवढं कौतुक झालं त्यातले अण्णा जोशी पन्नास वर्षं अंधारात, आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही त्या गाण्यातले अनिल भागवत पहिल्या दिवसापासून ठळक अक्षरांत नसले तरी अक्षरांत तरी होते. नशीब कुठे उघडेल सांगता येत नाही. भागवतांना त्या छापील नावाचा अभिमान होता, तेही त्यांनी लुइसनना सांगितलं होतं.

जानेवारी १९६८मध्ये हॅरिसनच्या तिसऱ्या हिंदुस्थानी गाण्याची सुरुवात थेट मुंबईत झाली. फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आशिष खान, हरिप्रसाद चौरसिया अशा वादकांना घेऊन ‘दि इनर लाइट’चं वाद्यसंगीत झालं. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आलं. तिथून पुढे हॅरिसन गिटारकडे परतला. सतार आपल्या हाताची नाही हे त्याला कळून चुकलं होतं. आयुष्यभर पुरेल एवढा रियाझ लहानपणीच सुरू व्हायला हवा होता.

‘लव्ह यू टू’ रंगमंचावर बीटल्सनी कधीच वाजवलं नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ आल्यावर चार आठवड्यांच्या आतच, २९ ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा दौऱ्यावरचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि त्यात या अल्बममधलं एकही गाणं नव्हतं. १९६८च्या ‘यलो सबमरीन’ या व्यंगचित्रपटात जॉर्ज पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा ऐकू येतो. तेवढीच काय ती त्याची मिरवणूक. २०२२मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ची मोठी आवृत्ती निघाली. तिच्यात गिटारवरचा पहिला टेक आहे, सरावाचा एक तुकडा आहे आणि मॅकार्टनीचा काढून टाकलेला आवाजही परत आला आहे.

मला स्वतःला साधी मोनो आवृत्तीच आवडते. १९६६मध्ये इंग्लंडमधल्या बहुतेकांच्या घरी तीच वाजली. मावशीकडच्या गच्चीवर संध्याकाळी, खालच्या रस्त्याने ट्रक घरघरत जात असताना, आंबट सफरचंद खात मी ती कानात लावून ऐकली. सगळा जीव शेवटाकडे ठेवून ऐकावं. शब्द संपतात, लय चढते, सतार धावायला लागते आणि भागवत मोकळे सुटतात. आपला कान सवयीने तिहाईची वाट बघतो: तोच तुकडा तीनदा आणि मग समेवर धाडकन. ती येत नाही. यंत्रावरचा एक हात आवाज हळूहळू खाली आणतो. मोनो आवृत्तीत हा हात काही सेकंद उशिरा खाली येतो, तेवढा तबला जास्त मिळतो. आवाज अगदी मावळेपर्यंत कान देऊन बसलं तरी भागवत थांबलेले ऐकू येत नाहीत.